एच-१बी व्हिसा शिथिलीकरणाचा वाद

एच-१बी व्हिसा हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा तात्पुरत्या वास्तव्याचा कार्य-व्हिसा आहे. ज्या कामासाठी एखाद्या विशिष्ट शाखेतील किमान पदवीइतके ज्ञान आवश्यक मानले जाते, अशा कामावर परदेशी व्यक्तीची नेमणूक करण्याची मुभा अमेरिकेतील नियोक्त्यांना या व्हिसामुळे मिळते. १९९०च्या स्थलांतर कायद्याने तो सध्याच्या स्वरूपात अस्तित्वात आला. त्याचे नियम शिथिल करावेत की अधिक कडक करावेत, याविषयीचा वाद अमेरिकेत तेव्हापासून सुरू आहे.

हा वाद प्रामुख्याने दरवर्षी किती व्हिसा द्यावेत या आकड्याभोवती फिरतो. तथापि व्हिसाधारकाला नियोक्ता कितपत सहज बदलता यावा आणि कायम निवासाचा हक्क किती काळात मिळावा, हे प्रश्न संख्येच्या प्रश्नाहून वेगळे आहेत. कमी वेतन, स्थानिक कर्मचाऱ्यांची गच्छंती व व्हिसाधारकांची असुरक्षितता या तक्रारींचा संबंध बऱ्याच अंशी या दुसऱ्या प्रकारच्या नियमांशी येतो. २०२४ या वित्तीय वर्षात मंजूर झालेल्या सुमारे ४ लाख अर्जांपैकी ७१ टक्के अर्ज भारतात जन्मलेल्या व्यक्तींचे होते. त्याखालोखाल चीनचा वाटा सुमारे १२ टक्के होता. त्यामुळे या वादाचे परिणाम भारतात, तसेच मुंबई व पुणे येथील संगणक उद्योगात प्रत्यक्ष जाणवतात.

व्हिसाचे स्वरूप

एच-१बी व्हिसासाठी उमेदवार स्वतः अर्ज करू शकत नाही. त्याला नेमू इच्छिणारी संस्था त्याच्या वतीने अर्ज करते. तत्पूर्वी संस्थेला अमेरिकेच्या कामगार विभागाकडे एक हमीपत्र दाखल करावे लागते. त्या कामासाठी त्या भागात प्रचलित असलेले वेतन, किंवा संस्था तशाच कामाकरिता आपल्या अन्य कर्मचाऱ्यांना देत असलेले वेतन, यांपैकी जे अधिक असेल ते देण्यात येईल, तसेच या नेमणुकीमुळे इतरांच्या कामाच्या परिस्थितीवर प्रतिकूल परिणाम होणार नाही, अशी ही हमी असते. मात्र स्थानिक उमेदवाराचा शोध घेतल्याचे सिद्ध करण्याची अट सर्व नियोक्त्यांना लागू नाही. ज्यांच्या कर्मचाऱ्यांत एच-१बीधारकांचे प्रमाण मोठे आहे, अशा ‘एच-१बी अवलंबी’ संस्थांनाच ती लागू होते. पन्नासहून अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेच्या बाबतीत हे प्रमाण १५ टक्के वा त्याहून अधिक असे ठरविण्यात आले आहे. परंतु संबंधित व्यक्तीला वर्षाला ६०,००० डॉलर वेतन दिले, अथवा ती पदव्युत्तर पदवीधारक असली, तर या संस्थांनाही ती अट पाळावी लागत नाही. ६०,००० डॉलरची ही रक्कम १९९८च्या कायद्यात घालण्यात आली व पुढील पाव शतकात तीत वाढ झाली नाही.

व्हिसाची मुदत प्रथम तीन वर्षांची असते व ती एकूण सहा वर्षांपर्यंत वाढविता येते. पती वा पत्नी आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले यांना एच-४ हा अवलंबितांचा व्हिसा मिळतो.

दरवर्षी नव्याने द्यावयाच्या व्हिसांची मर्यादा ६५,००० आहे. त्यांपैकी ६,८०० व्हिसा मुक्त व्यापार करारांनुसार चिली व सिंगापूर या देशांसाठी राखीव असतात. अमेरिकेतील विद्यापीठांची पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी आणखी २०,००० जागा आहेत. विद्यापीठे, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था व संशोधन संस्था यांना ही मर्यादा लागू नाही. मुदतवाढीचे अर्जही तीत मोजले जात नाहीत. म्हणूनच एका वर्षात मंजूर झालेल्या एकूण अर्जांची संख्या मर्यादेच्या कितीतरी पट दिसते. हा फरक लक्षात न घेतल्याने सार्वजनिक चर्चेत आकड्यांचा घोळ वारंवार होतो.

इतिहास

अमेरिकेने १९२४च्या कायद्याने देशनिहाय कोटे ठरवून आशियातून होणारे स्थलांतर जवळजवळ बंद केले होते. १९५२च्या कायद्यात विशेष गुणवत्ता असलेल्या परदेशी व्यक्तींसाठी ‘एच-१’ हा तात्पुरता वर्ग निर्माण झाला. १९६५च्या कायद्याने राष्ट्रीयत्वावर आधारित कोटे रद्द केले आणि भारतीय डॉक्टर, अभियंते व शास्त्रज्ञ यांचा अमेरिकेत जाण्याचा मार्ग मोकळा झाला. नोव्हेंबर १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी सही केलेल्या कायद्याने ‘एच-१बी’ हा स्वतंत्र वर्ग तयार केला आणि त्यावर प्रथमच ६५,००० ची वार्षिक मर्यादा घातली.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आंतरजालाचा प्रसार आणि ‘वाय-टू-के’ नावाने ओळखली जाणारी सन २०००ची संगणकीय अडचण, यांमुळे संगणक अभियंत्यांची मागणी एकाएकी वाढली. १९९८च्या कायद्याने १९९९ व २००० या वित्तीय वर्षांसाठी मर्यादा १,१५,००० केली. २०००च्या कायद्याने ती २००१ ते २००३ या तीन वर्षांसाठी १,९५,००० पर्यंत नेली. विद्यापीठे व संशोधन संस्था यांना मर्यादेतून वगळण्याचा निर्णयही याच कायद्याने झाला. तथापि २००० नंतर तंत्रज्ञान कंपन्यांच्या समभागांची घसरण झाली व मागणी इतकी ओसरली, की या तीन वर्षांत एकदाही ती मर्यादा पूर्ण गाठली गेली नाही. २००४ मध्ये वाढीव मर्यादेची मुदत संपून ती पुन्हा ६५,००० वर आली. त्याच वर्षीच्या सुधारणा कायद्याने पदव्युत्तर पदवीधारकांसाठी २०,००० जागांची भर घातली. त्यानंतर या आकड्यांत बदल झालेला नाही.

एप्रिल २००७ मध्ये अर्ज स्वीकारण्याच्या पहिल्याच दिवसांत मर्यादेपेक्षा अधिक अर्ज आले आणि सोडत काढावी लागली. २००८च्या जागतिक मंदीनंतर काही वर्षे मागणी कमी राहिली. २०१३ पासून मात्र दरवर्षी सोडत हाच नियम झाला. २०२० पासून पूर्ण अर्जाऐवजी आधी इलेक्ट्रॉनिक नोंदणी घेण्यात येऊ लागली. तिचे शुल्क अवघे १० डॉलर असल्याने एकाच उमेदवाराच्या नावे अनेक कंपन्यांनी नोंदण्या करण्याचे प्रकार वाढले. २०२४ या वित्तीय वर्षासाठी सुमारे ७ लाख ८० हजार नोंदण्या झाल्या. त्यांतील निम्म्याहून अधिक नोंदण्या एकापेक्षा जास्त वेळा नावे आलेल्या व्यक्तींच्या होत्या. पुढील वर्षापासून नोंदणीऐवजी व्यक्ती हा सोडतीचा घटक मानण्यात आला. त्यामुळे हा आकडा सुमारे ४ लाख ८० हजारांवर व त्यापुढील वर्षी सुमारे ३ लाख ४४ हजारांवर आला. नोंदणीचे शुल्कही २१५ डॉलर झाले.

शिथिलीकरणाचे दोन अर्थ

‘नियम शिथिल करणे’ हा शब्दप्रयोग या वादात दोन भिन्न अर्थांनी केला जातो. पहिल्या अर्थाने तो प्रवेशाशी निगडित आहे: वार्षिक मर्यादा वाढविणे, काही वर्गांना तीतून सूट देणे, अर्जाची छाननी सुलभ करणे, शुल्क कमी करणे. दुसऱ्या अर्थाने तो प्रवेशानंतरच्या स्थितीशी निगडित आहे: नियोक्ता बदलण्याचे स्वातंत्र्य, नोकरी गेल्यास देशात राहण्याची मुदत, जोडीदाराला काम करण्याची परवानगी, कायम निवासाच्या रांगेतील देशनिहाय मर्यादा.

हे दोन्ही अर्थ परस्परांपासून वेगळे करता येतात. व्हिसांची संख्या वाढवूनही प्रत्येक व्हिसाधारकाला एकाच नियोक्त्याशी घट्ट बांधून ठेवणे शक्य आहे. तसेच संख्या न वाढविता, आलेल्या व्यक्तीला नोकरी बदलण्याचे पूर्ण स्वातंत्र्य देणेही शक्य आहे. स्थानिक कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने या दोन धोरणांचे परिणाम सारखे नाहीत. ज्याला सहजपणे नोकरी सोडता येत नाही, तो कमी वेतनावर राहण्याची शक्यता अधिक असते. ज्याला ती सोडता येते, त्याला बाजारभावाने वेतन द्यावेच लागते व त्यामुळे तो स्थानिक कर्मचाऱ्यापेक्षा स्वस्त पडत नाही. संख्यावाढीला विरोध करणारे काही अभ्यासकही म्हणूनच नोकरी बदलण्याच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करतात. याउलट संख्यावाढीची मागणी करणाऱ्या उद्योगसंघटनांचा भर मुख्यतः पहिल्या अर्थावर राहिला आहे.

शिथिलीकरणाच्या बाजूचे मुद्दे

शिथिलीकरणाच्या समर्थकांचा पहिला युक्तिवाद मनुष्यबळाच्या तुटवड्याचा आहे. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांत अमेरिकी विद्यापीठांतून पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांत परदेशी विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे. ज्यांना देशाने आपल्या विद्यापीठांत शिकविले, त्यांना सोडतीच्या भरवशावर सोडून परत पाठविणे हे देशाचेच नुकसान आहे, असे ते म्हणतात.

दुसरा मुद्दा नवनिर्मितीचा आहे. परदेशातून आलेल्या तंत्रज्ञांनी स्थापन केलेल्या कंपन्यांमुळे अमेरिकेत रोजगार निर्माण झाला, हे ते दाखवून देतात. तिसरा मुद्दा असा, की व्हिसा नाकारला तरी काम थांबत नाही. ते अन्य देशांत जाते. चौथा मुद्दा ग्रामीण आरोग्यसेवेचा आहे. अमेरिकेच्या अनेक ग्रामीण व दुर्लक्षित भागांतील रुग्णालये परदेशी डॉक्टरांवर अवलंबून आहेत. अशा भागात तीन वर्षे सेवा देण्याच्या अटीवर प्रत्येक राज्याला दरवर्षी ३० डॉक्टरांची शिफारस करण्याची मुभा देणारी योजना अस्तित्वात असून, हे डॉक्टर एच-१बी व्हिसावरच काम करतात.

विरोधी मुद्दे

विरोधकांच्या मते खरा तुटवडा असता तर संगणक क्षेत्रातील वेतन झपाट्याने वाढले असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्राध्यापक नॉर्मन मॅट्लॉफ आणि हॉवर्ड विद्यापीठाचे रॉन हिरा हे या मताचे प्रमुख प्रतिपादक आहेत. अनुभवी व म्हणून महागड्या कर्मचाऱ्यांऐवजी तरुण व्हिसाधारक नेमण्याचा मोह कंपन्यांना होतो, असे मॅट्लॉफ यांनी मांडले आहे.

प्रचलित वेतनाच्या व्याख्येवरही आक्षेप आहे. या वेतनाचे चार स्तर केलेले आहेत. एखाद्या भागातील त्याच व्यवसायातील शंभर जणांना वेतनाच्या चढत्या क्रमाने उभे केले, तर पहिल्या स्तराचे वेतन सुमारे सतराव्या, दुसऱ्या स्तराचे सुमारे चौतिसाव्या, तिसऱ्याचे पन्नासाव्या व चौथ्याचे सुमारे सदुसष्टाव्या व्यक्तीच्या वेतनाइतके येते. म्हणजे पहिले दोन स्तर मध्यक वेतनापेक्षा खालचे आहेत. डॅनियल कोस्टा व रॉन हिरा यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, कामगार विभागाने प्रमाणित केलेल्या सुमारे ६० टक्के एच-१बी जागा याच दोन स्तरांतील होत्या. समर्थक यावर असे उत्तर देतात, की नुकतेच पदवीधर झालेल्यांचे वेतन मध्यकापेक्षा कमी असणे स्वाभाविक आहे.

विरोधकांच्या बाजूने सर्वाधिक उल्लेख होतो तो कर्मचारी बदलण्याच्या घटनांचा. फ्लोरिडातील ऑर्लँडो येथे डिस्ने कंपनीने संगणक विभागातील सुमारे २५० कर्मचाऱ्यांना कमी केले आणि त्यांचे काम बाह्य कंत्राटदारांकडे सोपविले. कमी केलेल्यांपैकी काहींना आपल्या जागी आलेल्या एच-१बीधारकांना शिकवून तयार करावे लागल्याचे २०१५ मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. माजी कर्मचाऱ्यांनी केलेले दावे न्यायालयाने फेटाळले, कारण कायद्याचा भंग झाल्याचे सिद्ध होत नव्हते. कायदा पाळूनही असे करता येते, हीच त्यातील त्रुटी असल्याचे विरोधकांचे म्हणणे आहे.

संशोधनाचे निष्कर्ष

एच-१बी व्हिसाच्या आर्थिक परिणामांवर विपुल संशोधन झाले असले, तरी निष्कर्ष एकमुखी नाहीत. विल्यम केर व विल्यम लिंकन यांनी २०१० मध्ये दाखविले, की मर्यादा वाढलेल्या काळात भारतीय व चिनी नावांच्या संशोधकांचे एकस्व वाढले, परंतु स्थानिक संशोधकांची पीछेहाट झाल्याचे आढळले नाही. जोव्हानी पेरी, केव्हिन शी व चॅड स्पार्बर यांच्या २०१५च्या अभ्यासात, ज्या अमेरिकी शहरांत असे परदेशी तंत्रज्ञ अधिक आले तेथे स्थानिक पदवीधरांचे वेतनही वाढल्याचे दिसले.

याउलट कर्क डोरन, अलेक्झांडर गेल्बर व अ‍ॅडम आयसेन यांनी सोडतीचाच उपयोग नैसर्गिक प्रयोगासारखा केला. सोडतीत व्हिसा मिळालेल्या व न मिळालेल्या कंपन्यांची तुलना केली असता, व्हिसा मिळालेल्या कंपन्यांत अन्य कर्मचाऱ्यांची संख्या घटल्याचे व एकस्वांत लक्षणीय वाढ न झाल्याचे त्यांना आढळले. जॉन बाउंड, गौरव खन्ना व निकोलस मोरालेस यांच्या मांडणीनुसार, १९९०च्या दशकात परदेशी संगणक तंत्रज्ञ आले नसते तर २००१ मध्ये अमेरिकी संगणक तंत्रज्ञांचे वेतन २.६ ते ५.१ टक्के अधिक असते. मात्र त्याच अभ्यासानुसार ग्राहकांना व अन्य क्षेत्रांतील कर्मचाऱ्यांना या स्थलांतराचा लाभ झाला.

हे निष्कर्ष वरकरणी परस्परविरोधी वाटतात. परंतु त्यांची मोजमापे वेगळी आहेत. काही अभ्यास संपूर्ण शहराचे वा अर्थव्यवस्थेचे चित्र पाहतात, तर काही एकेका कंपनीचे. एकूण लाभ आणि त्या लाभाची वाटणी हे दोन निराळे प्रश्न आहेत. देशाचा फायदा होत असतानाच विशिष्ट व्यवसायातील, विशिष्ट वयाच्या कर्मचाऱ्यांचे नुकसान होऊ शकते.

ब्रिटा ग्लेनन यांच्या अभ्यासाने आणखी एक बाजू पुढे आणली. २००४ मध्ये मर्यादा घटल्यानंतर बहुराष्ट्रीय कंपन्यांनी ते रोजगार अमेरिकनांना देण्याऐवजी भारत, चीन व कॅनडा येथील आपल्या शाखांत भरती वाढविली, असे त्यांना दिसून आले.

नियोक्त्याशी बांधिलकी व ग्रीन कार्डची रांग

एच-१बीधारकाचे अमेरिकेतील वास्तव्य त्याच्या नोकरीवर अवलंबून असते. नोकरी गेल्यास नवा नियोक्ता शोधण्यासाठी, व्हिसाचा दर्जा बदलण्यासाठी वा देश सोडण्यासाठी साधारणतः ६० दिवसांची मुदत मिळते. ही मुदतदेखील २०१७ मध्ये लागू झालेल्या नियमाने निश्चित केली. २०२२-२३ मध्ये मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी केलेल्या कर्मचारी कपातीच्या वेळी हा नियम विशेष चर्चेत आला. घर घेतलेल्या, मुले शाळेत असलेल्या कुटुंबांनाही दोन महिन्यांत निर्णय घ्यावा लागत होता.

२०००च्या कायद्याने ही बांधिलकी काही अंशी सैल केली. नव्या नियोक्त्याने अर्ज दाखल करताच, मंजुरीची वाट न पाहता, तेथे रुजू होण्याची मुभा त्याने दिली. ग्रीन कार्डची म्हणजे कायम निवासाची प्रक्रिया सुरू असल्यास सहा वर्षांनंतरही मुदतवाढ मिळण्याची सोयही त्यात झाली. मात्र ग्रीन कार्डचा अर्जही बहुतांशी नियोक्त्यामार्फतच होतो. नोकरी बदलल्यास त्यातील अनेक टप्पे नव्याने पार पाडावे लागतात. त्यामुळे कागदोपत्री मिळालेले स्वातंत्र्य व्यवहारात आकुंचित होते.

भारतीयांच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र आहे. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,००० असतात व त्यांत कर्मचाऱ्याबरोबर त्याच्या कुटुंबीयांचीही गणना होते. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांपेक्षा अधिक वाटा मिळत नाही. ढोबळ हिशेबाने ही संख्या ९,८०० भरते. हा नियम आइसलँडसारख्या छोट्या देशाला व भारताला सारखाच लागू आहे. इतर देशांची न वापरलेली कार्डे काही वेळा पुढे सरकविली जातात. तरीही २०२५च्या मध्यास पदव्युत्तर व पदवीधर वर्गांतील भारतीयांच्या २०१३च्या सुमारास दाखल झालेल्या अर्जांचा क्रमांक लागत होता. दरवर्षी येणाऱ्यांची संख्या व दरवर्षी कायम होणाऱ्यांची संख्या यांचा मेळच नसल्याने ही रांग वाढत राहिली आहे. या स्थितीत केवळ एच-१बीची मर्यादा वाढविल्यास रांग आणखी लांबते.

या प्रतीक्षेचा परिणाम संपूर्ण कुटुंबावर होतो. लहानपणी अमेरिकेत आलेले मूल २१ वर्षांचे झाले, की अवलंबित राहत नाही. आई-वडिलांचे ग्रीन कार्ड तोवर आले नसेल, तर त्याला विद्यार्थी व्हिसा वा अन्य मार्ग शोधावा लागतो, अन्यथा ज्या देशाची त्याला फारशी ओळख नाही तेथे परतावे लागते. एच-४वरील जोडीदाराला पूर्वी नोकरी करता येत नसे. २०१५ मध्ये लागू झालेल्या नियमाने, ग्रीन कार्डच्या रांगेत ठरावीक टप्पा गाठलेल्यांच्या जोडीदारांना काम करण्याची परवानगी मिळाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्सस राज्यातील ओलेथा येथे एका भारतीय अभियंत्याची वंशद्वेषातून गोळ्या झाडून हत्या करण्यात आली. त्याच्या मृत्यूबरोबर त्याच्या पत्नीचा अमेरिकेत राहण्याचा आधारही संपुष्टात आला, कारण तिचा दर्जा पतीच्या व्हिसावर अवलंबून होता. अवलंबितांच्या स्थितीकडे या घटनेने लक्ष वेधले.

नियमांची रचना काही वेळा विपरीत निर्णय घ्यावयास लावते. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी १९९०च्या दशकात आपले ग्रीन कार्ड परत करून पुन्हा एच-१बी व्हिसा घेतला होता. ग्रीन कार्डधारकाच्या नवविवाहित पत्नीला प्रवेशासाठी अनेक वर्षे थांबावे लागे, तर एच-१बीधारकाच्या पत्नीला लगेच येता येत असे.

सामाजिक सुरक्षा कराचा मुद्दाही याच प्रश्नाशी संबंधित आहे. एच-१बीधारकांना हा कर भरावा लागतो. परंतु निवृत्तिवेतनास पात्र होण्यासाठी साधारणतः दहा वर्षांचे अंशदान लागते. भारत व अमेरिका यांच्यात याविषयी करार नसल्याने, त्याआधी मायदेशी परतणाऱ्या भारतीयांना या रकमेचा लाभ मिळत नाही.

राजकीय भूमिका व विधेयके

हा वाद पक्षनिहाय विभागलेला नाही. डेमोक्रॅटिक पक्षाचे डिक डर्बिन व रिपब्लिकन पक्षाचे चक ग्रासली या सिनेटरांनी निर्बंध कडक करणारी विधेयके २००७ पासून वेळोवेळी संयुक्तपणे मांडली. रिपब्लिकन सिनेटर ऑरिन हॅच यांनी मर्यादा १,९५,००० पर्यंत वाढविण्याचे विधेयक मांडले. जून २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत केलेल्या व्यापक स्थलांतर विधेयकात मर्यादा प्रथम १,१०,००० व पुढे १,८०,००० पर्यंत नेण्याची, तसेच वेतनविषयक अटी कडक करण्याची तरतूद होती. प्रतिनिधिगृहाने ते चर्चेला घेतले नाही.

देशनिहाय मर्यादा रद्द करण्याचे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ अशा मोठ्या बहुमताने संमत झाले. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये त्याचे वेगळे प्रारूप संमत केले. दोन्ही प्रारूपांचा मेळ न बसल्याने त्याचा कायदा होऊ शकला नाही. एकूण ग्रीन कार्डे न वाढविता देशनिहाय मर्यादा काढल्यास इतर देशांच्या अर्जदारांना दीर्घकाळ थांबावे लागेल, हा त्यावरील मुख्य आक्षेप होता.

कायद्यात बदल होत नसल्याने प्रशासकीय आदेशांचे महत्त्व वाढले. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकीर्दीत छाननी कडक झाली. नव्या नेमणुकीचे अर्ज नाकारण्याचे प्रमाण २०१५ मध्ये सुमारे ६ टक्के होते, ते २०१८ मध्ये सुमारे २४ टक्क्यांवर गेले. जून २०२० मध्ये करोना साथीच्या काळात नव्या एच-१बीधारकांचा प्रवेश तात्पुरता थांबविण्यात आला. ही बंदी मार्च २०२१च्या अखेरपर्यंत राहिली. ज्या कंपन्यांत निम्म्याहून अधिक कर्मचारी अशा व्हिसांवर आहेत, त्यांच्यावर अमेरिकेने अतिरिक्त शुल्क लावले व पुढे ते ४,००० डॉलर केले. त्याविरुद्ध भारताने २०१६ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नोंदविली.

अन्य देशांतील पद्धती

कॅनडाने १९६७ पासून गुणांकन पद्धती स्वीकारली. तीत शिक्षण, वय, भाषा व अनुभव यांना गुण दिले जातात आणि पात्र व्यक्तीला नियोक्त्याच्या मध्यस्थीशिवाय थेट कायम निवास मिळू शकतो. जुलै २०२३ मध्ये कॅनडाने अमेरिकेतील एच-१बीधारकांसाठी कोणत्याही नियोक्त्याकडे काम करता येईल असे १०,००० परवाने उपलब्ध केले. ही मर्यादा दोन दिवसांच्या आत भरली. जर्मनीने २००० मध्ये संगणक तंत्रज्ञांसाठी विशेष योजना आणली तेव्हा तेथेही, परदेशातून माणसे आणण्याऐवजी आपल्या मुलांना शिक्षण द्यावे, असा विरोध झाला होता.

महाराष्ट्राशी संबंध

एच-१बी व्हिसाचा मोठ्या प्रमाणावर वापर करणाऱ्या कंपन्यांत मुंबईस्थित टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही अग्रगण्य आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी २०२५ या वित्तीय वर्षात अ‍ॅमेझॉनच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर होती. इन्फोसिसची स्थापना १९८१ मध्ये पुणे येथे झाली. मुंबईतील अंधेरी येथे १९७३ मध्ये सुरू झालेले सीप्झ हे निर्यात क्षेत्र भारतातील संगणक प्रणालींच्या निर्यातीचे एक आरंभीचे केंद्र ठरले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्यात आली. त्यामुळे पुढील दशकांत अभियंत्यांची मोठी फळी उपलब्ध झाली.

गौरव खन्ना व निकोलस मोरालेस यांनी असे प्रतिपादन केले आहे, की अमेरिकेत जाण्याच्या आशेने भारतात संगणकशास्त्र शिकणाऱ्यांची संख्या वाढली. त्यांतील बहुसंख्यांना व्हिसा मिळाला नाही वा ते काही वर्षांनी परतले, आणि त्यातूनच भारताचा संगणक उद्योग बळकट झाला. पुण्यानजीकचे हिंजवडी येथील राजीव गांधी इन्फोटेक पार्क हे या वाढीचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण आहे. अमेरिकेत नियम कडक झाल्यावर अशा केंद्रांकडे काम वळते, तर ते सैल झाल्यावर तेथील अनुभवी मनुष्यबळ बाहेर जाते.

२०२४ नंतरच्या घडामोडी

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या समर्थकांतच या प्रश्नावर उघड फूट पडली. भारतात जन्मलेले श्रीराम कृष्णन यांची कृत्रिम बुद्धिमत्तेविषयक सल्लागारपदी नियुक्ती जाहीर होताच लॉरा लूमर यांनी तीव्र विरोध केला. उद्योजक एलॉन मस्क व विवेक रामस्वामी यांनी कुशल स्थलांतराची बाजू घेतली, तर स्टीव्ह बॅनन यांनी हा व्हिसाच बंद करण्याची मागणी केली. डाव्या विचारसरणीचे सिनेटर बर्नी सँडर्स यांनीही, स्वस्त मजूर मिळविण्यासाठी या व्हिसाचा वापर होत असल्याची टीका केली.

१९ सप्टेंबर २०२५ रोजी ट्रम्प यांनी काढलेल्या घोषणापत्राने एच-१बीच्या नव्या अर्जासाठी १,००,००० डॉलर भरण्याची अट घातली. २१ सप्टेंबरपासून बारा महिन्यांसाठी ही अट लागू झाली. ती विद्यमान व्हिसाधारकांना लागू आहे की नाही याविषयी आरंभी संभ्रम होता. भारतात सुटीवर आलेले अनेक जण मिळेल त्या विमानाने अमेरिकेत परतू लागले. ही अट केवळ नव्या अर्जांना लागू असून विद्यमान व्हिसाधारकांना व नूतनीकरणाला ती नाही, असे नंतर स्पष्ट करण्यात आले. अमेरिकेच्या चेंबर ऑफ कॉमर्सने या अटीला न्यायालयात आव्हान दिले. ग्रामीण रुग्णालयांना ही रक्कम परवडणारी नसल्याची भीती वैद्यकीय संघटनांनी व्यक्त केली.

डिसेंबर २०२५ मध्ये सोडतीच्या पद्धतीतही बदल जाहीर झाला. त्यानुसार वेतनाच्या चौथ्या स्तरातील उमेदवाराचे नाव चार वेळा, तिसऱ्या स्तरातील तीन वेळा, दुसऱ्यातील दोन वेळा व पहिल्यातील एकदाच सोडतीत धरले जाते. कमी वेतनाच्या नेमणुकांना आळा बसेल, असे त्याचे समर्थन करण्यात आले. नुकत्याच पदवीधर झालेल्या परदेशी विद्यार्थ्यांची संधी घटेल, असा त्यावर आक्षेप आहे. हे दोन्ही बदल प्रवेशाशी संबंधित आहेत. नियोक्ता बदलण्याचे नियम, नोकरी गेल्यानंतरची ६० दिवसांची मुदत आणि ग्रीन कार्डवरील ७ टक्क्यांची देशनिहाय मर्यादा यांत त्यांनी कोणताही बदल केलेला नाही.